मशीन जागं ठेवायचं राहिलं

जपमाळ संपली तशी अंगणातली माणसं खुर्च्या मागे सरकवून सैल बसली. गाव ज्यांना मानानं काराई म्हणायचं ते सातुर्निनो ओवेलार गेले त्याला आठवडा झाला होता. नऊ संध्याकाळच्या प्रार्थनांतली आता एकच उरली होती, उद्याची, मोठ्या जेवणाची. त्यांची बायको ओब्दुलिया चिपांची, चीजच्या छोट्या पावांची, टोपली घेऊन रांगेतून फिरत होती आणि मुलगा देर्लिस आंब्याखाली शेजाऱ्याचा उंच स्पीकर उभा करत होता.

"पापांचं शेवटचं वाजवणं ऐकवतो," देर्लिस म्हणाला. "निमियानं घेतलंय, लुकेला, तिच्या स्टुडिओत."

माना निमियाकडे वळल्या. तिला ते बरं वाटलं, आणि बाप गेल्याच्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून थोडं ओशाळायलाही झालं. गावातल्या मुली शिवणकामाला नाहीतर नर्सिंगला गेल्या होत्या. ही सातुर्निनोची थोरली मात्र लुके शहरात जाऊन आवाज पकडायचं काम शिकली होती. जिथे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी हार्प नाहीतर गिटार बनवतं, त्या गावात लोक मान देऊन तिला बोलवत.

हार्प वाजू लागली. संथ चालीची ग्वारानिया, पापांची आवडती. ते ती अशी वाजवायचे की दोन सुरांच्या मधली जागाही सुरासारखी ऐकू यावी. पहिलं वळण आलं आणि तिथे सूर मध्येच तुटला. पुढचा सूर आपल्या वेळेआधीच येऊन पडला, अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखा. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा.

माणसं चिपा चावायची थांबली. कोणी कोणाकडे बघेना.

"बघा," काराई सिरिलो हळू आवाजात म्हणाला. तो सातुर्निनोचा जन्माचा दोस्त, तोही हार्पवालाच. "मी हार्पला हात लावला की म्हणायचा, लाकूडतोड्या आला, सरका, फांद्या पडतील. आयुष्यभर मला हसला. आणि शेवटी हात गेला तो त्याचाच. देव कोणाचा गर्व ठेवत नाही." आणि हे म्हणताना त्याचेच डोळे भरून आले.

"वय असतं, काराई सिरिलो," शेजारची बाई म्हणाली. "वाजवलं हेच पुष्कळ."

निमिया जागची हलली नाही. स्पीकर मोठा होता, तिचे कान सवयीचे होते. प्रत्येक तुटलेल्या जागी सुराच्या बुडाशी तिला एक बारीक 'टक्' ऐकू येत होतं. असा आवाज बोटांचा नसतो. लाकडाचाही नसतो. तो कशाचा, ते लुकेतल्या निम्म्या स्टुडिओंना तिनंच शिकवलं होतं. कोणी फोन करून म्हणालं की रेकॉर्डिंग तुटतंय, की ती हसून विचारायची, "काय रे, मशीनला झोपू दिलंस ना?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई रिकामी टोपली घेऊन तिथेच आली होती.

"आई, हे पापांनी ऐकलं होतं?"

"ऐकलं तर. तू फोनवर पाठवलंस, त्याच संध्याकाळी. कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत बसले. मी म्हटलं, अहो, जेवण निवतंय."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. सकाळी नेलकटर मागितला." आईनं टोपली पालथी घालून फडक्यानं पुसली. "हार्पसाठी वाढवलेली उजव्या हाताची सगळी नखं कापून टाकली. म्हटलं, रविवारी चर्चमध्ये वाजवायचंय ना? तर म्हणाले, दुसरं कोणी वाजवेल. निमियाच्या मशीनपुढे काही लपत नाही, ओब्दुलिया. त्यानंतर हार्पवरचं कापड काढलंच नाही त्यांनी."

निमियाला आठवलं. पापांना मायक्रोफोनपुढे बसवताना तीच थट्टेनं म्हणाली होती, "नीट वाजवा हं पापा, याच्यापुढे काही लपत नाही."

आईला तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांशी आले होते. पण तिच्या तोंडून निघालं भलतंच.

"मी उद्या लुकेला जाऊन येते. काम आहे."

"उद्या? शेवटच्या दिवशी?"

"संध्याकाळच्या आत येते."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या चिपा टोपलीत भरू लागली.

बसमध्ये निमिया देवाजवळ एकच मागणं मागत होती, की दोष वायरचा निघो. वायर जुनी होती. तुटकी वायर कोणाच्याही घरी असू शकते.

स्टुडिओ म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, आतून कापसानं आणि जाड कापडानं मढवलेली. कोपऱ्यात ते मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर, सगळ्या प्रोसेसरांसारखाच, रात्रीच्या राखणदाराच्या जातीचा. काम नसलं की झोपतो. आधी नुसते डोळे मिटतो, मग भिंतीला टेकतो, मग बूट काढून पांघरूण ओढून घेतो. झोप जितकी गाढ, तितकी वीज कमी लागते, आणि हाक मारल्यावर उठायला तितका वेळही लागतो. तो वेळ डोळ्याची पापणी लवायच्याही आतला. पत्र लिहिणाऱ्याला, बिल करणाऱ्याला तो जन्मात कळत नाही. आवाज पकडणाऱ्याला कळतो, कारण सूर दारात ताटकळत नाही. राखणदार उठेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

यात एक दुष्टपणा होता. सात-आठ वादकांचा ताफा आला की मशीनला इतकं काम असतं की त्याला झोपायला सवडच मिळत नाही. ते गाढ झोपतं ते एकटी हार्प असेल, चाल संथ असेल आणि वाजवणारा सुरांमध्ये मोकळी जागा सोडणारा असेल तेव्हा.

उपाय सोपा होता. मशीन सुरू होताना, सगळी यंत्रणा अजून जागी होत असतानाच, तिला पहिल्या आज्ञेत चार शब्द जास्त सांगायचे: फक्त डोळे मिट, आडवं व्हायचं नाही. हे शब्द कायमचे लिहून ठेवता येतात. नाहीतर सुरू होतानाच्या मेन्यूवर थांबून हातानं घालता येतात, पण मग ते तेवढ्या वेळेपुरतेच. वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, की ते विसरलं. निमिया हातानंच घालत असे. सतत जागं ठेवलेलं मशीन तापतं, त्याचा पंखा घोंघावतो, आणि पॅराग्वेच्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत आधीच भट्टी असते. म्हणून ती फक्त रेकॉर्डिंगच्या दिवशी ते शब्द घालायची. इतरांना मात्र बजावायची, कायमचं लिहून ठेवा, विसराल.

पापा वाजवायला आले त्या दिवशी सकाळी तिनं ते शब्द घातले होते. मग वीज गेली, जानेवारीत जाते तशी. पापा हृदयाच्या तपासणीहून आले होते आणि दारात तेरेरेचा थंड चहा पीत वीज यायची वाट बघत बसले होते. वीज आली. निमियानं बटण दाबलं आणि त्याच क्षणी फोन वाजला. येर्बा चहाच्या एका कंपनीच्या जाहिरातीचा माणूस होता. मेन्यू काही क्षण वाट बघतो आणि कोणी काही सांगितलं नाही तर आपला आपण पुढे जातो. तो गेला. निमियानं फोन खांद्यानं कानाशी धरून रेकॉर्डिंग चालू केलं, पापांना हातानंच खूण केली, वाजवा, आणि अंगणात गेली. पडद्याच्या कोपऱ्यात निसटलेल्या क्षणांची मोजणी लाल आकड्यात चढत असते. ती बघायला खोलीत कोणी नव्हतं. पापा डोळे मिटून वाजवत.

आता तिनं मशीन तसंच, काही न सांगता सुरू केलं. फोनवर एक सलग सूर लावून तो मायक्रोफोनपुढे ठेवला आणि बसून राहिली. कोपऱ्यात लाल आकडा उगवला, वाढला. तिनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, मेन्यूवर थांबून ते चार शब्द घातले. तोच सूर, तीच वायर. आकडा शून्यावरून हलला नाही. वायर बदलायची गरजच पडली नाही.

तिनं पापांची ग्वारानिया उघडली. तुटलेल्या जागा पडद्यावर स्वच्छ दिसत होत्या. त्या चालीत तीच वळणं पुन्हा पुन्हा येतात. कुठलं तरी वळण धड होतंच. तिथला सूर उचलून तिनं पहिल्या तुटलेल्या जागी बसवला, कडा घासून सारख्या केल्या आणि ऐकलं. सांधा तिचा तिलाही सापडेना. एवढंच तर करायचं होतं. संध्याकाळपर्यंत सगळी ग्वारानिया अखंड झाली असती आणि काल शेजाऱ्याचा स्पीकर खराब होता असं म्हणता आलं असतं. पापांचा हात निर्मळ, तिचं नावही निर्मळ.

तिनं दुसरी जागा निवडली आणि माउसवरचा हात थांबला. स्पीकरची सबब कोणाला पटणार नव्हती; काल ऐकून गेलेली माणसं काय म्हणतील, ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. पोरगी गुणाची, रात्रंदिवस बसून बापाचा थरथरता हात झाकला. सिरिलो तिच्या डोक्यावरून हात फिरवेल. म्हणजे चूक पापांचीच राहील, आणि ती पदरात घेतल्याचं पुण्य वर तिलाच. आपल्याला हे इतकं सहज सुचलं, याचीच तिला शिसारी आली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी तिनं तोंड ओंजळीत लपवलं.

ती पोचली तेव्हा आई मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यातलं ढवळत होती. देर्लिस लाकडं फोडत होता. निमियानं पिशवीही खाली ठेवली नाही. उभ्या उभ्या सांगितलं.

आई ढवळतच राहिली.

"म्हणजे हात चांगला होता," ती म्हणाली.

"हो."

"शेवटपर्यंत?"

"त्या दिवशी तरी चांगला होता, आई. पुढचं..."

"पुढे त्यांनी वाजवलंच नाही." आईनं डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "तू ऐकलं नव्हतंस? पाठवण्याआधी?"

"नाही."

"'फार सुंदर, पापा' असं लिहिलं होतंस. त्यांनी मला दाखवलं होतं."

निमियानं पिशवी खाली ठेवली. सगळ्या गोष्टींत हीच एक अशी होती की जिच्यात मशीनचा काडीचा संबंध नव्हता.

"मी एक जागा दुरुस्त केलीये," ती म्हणाली. "सगळ्या करू शकते. तू म्हणालीस तर."

"नको. कालचंच लाव. आणि लावायच्या आधी सांग, मला सांगितलंस तसं."

"सगळ्यांसमोर?"

"काल सगळ्यांसमोरच वाजलं ना?"

देर्लिसनं कुऱ्हाड टेकवली. "काहीतरीच काय, आई. लोकांना प्रोसेसर म्हणजे काय हे तरी कळणार आहे का? आणि ही बातमी लुकेला पोचली तर हिच्याकडे कोण येईल? पापा गेले, आता हिचं..."

"तू लाकडं फोड," आई म्हणाली.

शेवटच्या संध्याकाळी कालच्यापेक्षा दुप्पट माणसं होती. जपमाळ झाली. निमिया बापाच्या फोटोशेजारी उभी राहिली आणि बोलू लागली. प्रोसेसर, सुरू होतानाची आज्ञा, झोपेच्या पायऱ्या. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की समोरच्यांचे चेहरे कोरे होत चाललेत आणि आपल्याला ते सोयीचं वाटतंय.

"म्हणजे मशीन आजारी होतं का, पोरी?" सिरिलोनं विचारलं.

"मशीन ठीक होतं, काराई सिरिलो," ती थांबून म्हणाली. "त्याला जागं ठेवायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. पापा वाजवत होते तेव्हा मी खोलीत नव्हते, फोनवर बोलत बाहेर होते. आणि पाठवण्याआधी मी ते ऐकलंही नाही. काल तुम्हाला जे तुटलेलं ऐकू आलं, तिथे पापांनी सूर वाजवला होता. तो मी घालवला. आता तो कुठेच नाही."

"सातुर्निनोला माहीत होतं हे?"

"नाही. त्यांना वाटलं, त्यांचाच हात गेला."

सिरिलोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला तो उठला नाही. फोटोकडे बघून गुआरानी भाषेत काहीतरी पुटपुटला, ते मागच्या रांगेपर्यंत गेलं नाही. मग म्हणाला, "लावा."

देर्लिसनं कळ दाबली. संथ चाल सुरू झाली. पहिलं वळण आलं, सूर तुटला, आणि अंगणातले चेहरे स्पीकरवरून उठून निमियाकडे वळले. नुसते वळले आणि पुन्हा परत गेले. पुढच्या तुटलेल्या जागी तसंच झालं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत हात पोटाशी धरून बसलेल्या आईनंही तिच्याकडे पाहिलं.

निमियाला बसावंसं वाटलं, आत जावंसं वाटलं. ती उभीच राहिली. हार्प शांतपणे पुढच्या वळणाकडे निघाली होती. तिथे काय होणार, ते आता सगळ्यांना माहीत होतं. तिनं मान वर केली आणि वाट बघू लागली.