कर्क राशीचे आमचे शहर

मित्रांनो, तारांगणात शिरताना तिकीटखिडकीजवळ, दोरीच्या आत, जे काळे, दोन डोक्यांचे धूड उभे दिसते ना, तो मी. मी तारे दाखवणारा जुना प्रक्षेपक आहे. तुमच्यापैकी बरेच जण मला मुंगळा म्हणतात. परवा एका मुलीने तर आईला विचारले, "हा चावतो का गं?" वाईट वाटले, पण करणार काय! एके काळी याच मुंगळ्याच्या पोटातून सारे आकाश बाहेर पडत असे, हे तिला कोण सांगणार?

माझा जन्म भिंगे घासणाऱ्यांच्या कारखान्यात झाला. माझ्या डोक्यांवर पातळ पत्रे बसवले आणि त्यांना प्रत्येक ताऱ्यासाठी एक भोक पाडले. मोठ्या ताऱ्याला मोठे, लहानाला लहान. ते काम करणारी बाई सुई हातात धरली की श्वास रोखून धरायची. आत पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा कारखान्याच्या कळकट छतावर चांदणे पसरले. ती बाई मान वर करून बघतच राहिली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मग पेटीत बसून मी या शहरात आलो. घुमटाच्या मधोमध मला उभे केले. मला चालवायला एक तरुण आला आणि अंधारात प्रेक्षकांना आकाश समजावून सांगायला त्याची थोरली बहीण. ती साऱ्या शहराची ताई झाली. तो मात्र केस पिकले तरी तिचा छोटूच राहिला. "छोटू, चंद्र जरा दमाने उगव रे, लोकांचं खोकून होऊ दे," असे ती हळूच म्हणायची आणि आम्ही दोघे मुकाट्याने ऐकायचो.

एकदा शहराच्या वाढदिवसाला नगराध्यक्षांनी खास कार्यक्रम ठेवला. शहर वसले त्या दिवशीचे आकाश दाखवायचे होते. त्या दिवशी सूर्य सिंह राशीत होता म्हणे. नगराध्यक्षांचा आनंद गगनात मावेना. आपले शहर सिंहासारखे कसे रुबाबदार, यावर त्यांनी लांबलचक भाषण पाठ करून आणले. राशींची चित्रे दाखवायला माझ्याजवळ छोट्या नळ्या होत्या आणि त्यांची बटणे एका ओळीत होती. छोटूला आधीच घाम फुटला होता. "आणि हाच तो आपला..." असे म्हणत नगराध्यक्षांनी हात वर केला, छोटूचे बोट शेजारच्या बटणावर पडले, आणि घुमटभर एक भलामोठा खेकडा पसरला.

कुणीतरी खुदकन हसले. छोटू घाबरून दुसरे बटण चाचपू लागला, तेव्हा ताईने त्याचा हात धरला.

"राहू दे," ती माईकवर म्हणाली. "मंडळी, खरं सांगा. आपलं शहर सिंहासारखं आहे का?"

"नाही!" पोरे ओरडली.

"आपला एक तरी रस्ता सरळ जातो का? स्टेशनला निघालेला माणूस आधी पोस्टाला वळसा घालतो. बरं, वरून कवच केवढं टणक! बसचा कंडक्टर वसकन अंगावर येतो, पण धावत येणारी म्हातारी दिसली की बेल मारत नाही. आणि पाहुणा निघाला की हे शहर त्याला सोडायला दारापर्यंत येतं आणि दारातच तासभर गप्पा मारत उभं राहतं. एकदा धरलेला हात याला सोडवतच नाही हो! आहे ना आपला खेकडा?"

असा हशा पिकला की माझी भिंगे थरथरली. शेवटी नगराध्यक्षही हसले, बिचारे. दुसऱ्या दिवशी छोटूने चूक झाल्याचे सगळ्यांना सांगून पाहिले, पण ऐकतो कोण? शहराने आपली रास निवडली होती.

तेव्हापासून दर रविवारी खेळाच्या शेवटी ताई खेकडा लावायची आणि त्या आठवड्यात शहर कसे वागले ते सांगायची. जुने नाट्यगृह पाडायला काढले, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी त्याच्या खुर्च्या घरी नेऊन ठेवल्या. "काही म्हणजे काही टाकवत नाही याला!" ताई म्हणाली. लोक लाजले आणि हसलेही. आपल्याच माणसाने कान धरावा, तसे त्यांना वाटायचे. काय दिवस होते ते!

हळूहळू माझी चाके कुरकुरू लागली. बारीक तारे धुळीने बुजले. एक नवा प्रक्षेपक आला. तो डब्याएवढा, ना डोके ना पाय. रोजचे खेळ त्याच्याकडे गेले, माझ्याकडे फक्त रविवार उरला. "ताई आहेत तोवर हा मुंगळा राहू दे," असे तारांगणाचे साहेब म्हणाले. म्हणून मीही ताईच्या भरवशावर होतो.

आणि मग ताईच्या लेकीला जुळी झाली. लेक दूर, दक्षिणेकडच्या एका शहरात, एकटी. ताईने कायमचे तिकडे जायचे ठरवले. छोटूने ते ऐकले आणि बहिणीशी बोलणेच टाकले. ती "शुक्र दाखव" म्हणाली की तो दाखवायचा, पण तोंडातून शब्द नाही. "अरे, पोरगी एकटी आहे तिथे. मी काय करू, सांग ना?" ती विचारायची. तो माझे स्क्रू पिळत बसायचा. रविवारमागून रविवार असेच गेले. मी मनातून छोटूच्याच बाजूचा होतो. ती राहिली तर मी राहणार होतो.

शेवटच्या रविवारी घुमट खचाखच भरला. खेळ संपला, लोक डोळे पुसत गेले. ताईने पिशवी खांद्याला लावली.

"येते रे, छोटू."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो एकदम म्हणाला, "थांब. बस खाली."

कुठल्या गावाहून आकाश कसे दिसते ते ठरवणारी एक मूठ माझ्या अंगावर आहे. ती वर्षानुवर्षे कुणी हलवली नव्हती. छोटूने दोन्ही हातांनी जोर लावला. मी कळवळलो, पण फिरलो. ध्रुव खाली उतरला. दक्षिणेला या घुमटात कधी न दिसलेले तारे वर आले.

"हे कुठलं रे?"

"भाचीच्या गावचं. आज संध्याकाळी तिथे असंच दिसेल. गच्चीवर गेलीस तर अगदीच परकं वाटायला नको."

ताईने नाक ओढले. "छोटू, त्या शहराची रास कोणती असेल रे?"

"ते मी कसं सांगणार? ते तुझं काम. दर रविवारी फोन करून सांगत जा."

"पहिल्याच रविवारी कसं कळेल?"

"घाई कुणाला आहे? आधी ओळख तर होऊ दे."

मी दाखवलेले ते शेवटचे आकाश. दुसऱ्या दिवशी माझ्या पायांचे बोल्ट काढले आणि मला इथे आणून ठेवले. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. घरातले कुणी दूर निघाले, तर रुसून बसू नका. छोटूने मूठ फिरवली खरी, पण अबोल्यात गेलेले रविवार त्याला परत मिळाले नाहीत. आणि माझ्या भिंगांवर धूळ दिसली, तर इथल्या कुणाला तरी सांगा. छोटू आता निवृत्त झाला आहे. दर रविवारी मला पुसायला येईन म्हणाला होता, पण रविवारी तो फोनजवळून हलत नाही.