कप्तानाचा अहवाल

‘अंतरिक्ष पथक’ या मालिकेतल्या कप्तानाला मी उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या रोलिंग मिलमध्ये झाडू मारायलाही ठेवलं नसतं. परीक्षणाचं हे पहिलं वाक्य मी सकाळी लिहिलं, चहा पिऊन पुन्हा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

आमच्या मराठी मंडळात महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पडद्यावर काहीतरी जुनं दाखवतात आणि मग एखादा सभासद त्याचं परीक्षण वाचतो. यावेळी चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागणाऱ्या या हिंदी विज्ञानमालिकेचा सतरावा भाग होता आणि परीक्षण माझ्या वाट्याला आलं होतं. सेक्रेटरी शर्मिष्ठाताईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं, नीलकंठराव, हलकंफुलकं लिहा, लोक हसायला येतात. मी हो म्हटलं. मिलमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. हो म्हणायची सवय तिथलीच.

भाग संपला, दिवे लागले, मी उभा राहिलो. चौथ्या रांगेत माझा मुलगा स्वानंद बसला होता. तो त्याच मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. मंडळात तो कधी येत नाही. त्या दिवशी मीच त्याला गाडी चालवायच्या निमित्तानं आणला होता.

सुरुवातीला मी लोकांना हसवलं. यानाच्या कंट्रोल पॅनेलवर गीझरची बटणं आहेत, हे सांगितलं. परग्रहाच्या राणीचा मुकुट म्हणजे इडलीपात्राची ताटली आहे, गोल बाजारात अशा चार ताटल्या घेतल्या तर आख्खं राजघराणं उभं राहील, असंही म्हणालो. धूमकेतू येतो तेव्हा सगळे डावीकडे कलंडतात आणि एकटा कप्तान उजवीकडे, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नाही. लोक पोट धरून हसत होते. शर्मिष्ठाताईंनी मला अंगठा दाखवला.

मग मी कथेवर आलो. धूमकेतूच्या धुळीनं इंजिन अडतं. कप्तान निळ्या डगल्यातल्या एका माणसाला इंजिनात उतरायला सांगतो. त्या माणसाला नाव नाही. तो आत शिरतो, हातानं धूळ काढू लागतो. वर कप्तानाला राणीच्या मेजवानीला उशीर होत असतो. तो घड्याळ बघतो आणि बटण दाबतो. इंजिन सुरू होतं. आतून एक किंकाळी येते आणि पुढच्याच दृश्यात कप्तान अहवाल लिहितो: ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना. यान सुरक्षित.’ मग तो जेवायला जातो.

इथंही लोक हसले आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, हसायचं काय आहे त्यात? हा भाग आणि मागचे सोळाही मी आधीच मोबाइलवर पाहिले. नऊ भागांत असा एक माणूस मरतो आणि नऊ वेळा कप्तान हेच वाक्य लिहितो. एकही अक्षर बदलत नाही. एवढं मोठं यान बांधलं, ताऱ्यांपर्यंत गेले, पण इंजिनाच्या स्विचला एक कुलूप लावायची अक्कल कोणाला आली नाही. आमच्याकडे साधा हेल्परसुद्धा मशीनमध्ये उतरण्याआधी शटडाउन घेतो. मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याचं कुलूप असेपर्यंत मिल मालकाचा बापही ती मशीन चालवू शकत नाही. कुलपावर त्याचं नाव असतं. पिवळ्या रंगानं लिहिलेलं.

सभागृहात आता कोणी हसत नव्हतं. शर्मिष्ठाताईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी तिकडे पाहिलंच नाही. मी स्वानंदकडे पाहत होतो.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या मिलमध्ये तुळशीराम नावाचा माणूस मेला. रोलमध्ये अडकलेली सळई काढायला उतरला होता आणि मिल सुरू झाली. घरात बायको आहे, दोन पोरी आहेत. त्यानं शटडाउन घेतलंच नव्हतं, असं मिलमध्ये सगळे सांगत होते. मंगळवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता आणि त्याच्या आत स्वानंदनं अहवालावर सही करायची होती. मी त्याला दोनदा विचारलं, काय लिहून राहिला तू? दोन्ही वेळा तो म्हणाला, देखते हैं. त्याची सगळी शाळा इकडे हिंदीत झाली; माझं मराठी त्याला कळतं सगळं, पण उत्तर हिंदीतच येतं.

आणि गुरुवारी घरातल्या इन्व्हर्टरच्या मागे फ्यूजची तार शोधताना माझ्या हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. आत एक कुलूप होतं, कडी कटरनं कापलेली. कुलपावर पिवळ्या रंगात तुळशीराम. म्हणजे त्यानं शटडाउन घेतलं होतं. कोणीतरी कुलूप कापून मिल चालू केली होती आणि माझ्या पोराला ते ठाऊक होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी ते होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि त्याला काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षण लिहायला बसलो.

ते कुलूप मनात ठेवून मी आता शेवटचा कागद वाचायला घेतला. खरा गुन्हेगार कप्तान नाही, मी वाचलं. कप्तान मूर्ख आहे, इडलीपात्रावर भाळणारा. खरा गुन्हेगार त्याच्या शेजारी उभा असलेला अधिकारी आहे. त्याला सगळं दिसतं आणि तो मूग गिळून बसतो. अशा माणसाच्या शिक्षणाचा उपयोग काय, त्याच्या आईबापानं कशासाठी त्याला शिकवला, असंही मी लिहिलं होतं. ते मी जरा मोठ्यानं वाचलं.

स्वानंद उठला. मला वाटलं, निघून जाईल. तो तिथेच उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “और कृष्णा की रिपोर्ट पर किसके साइन थे, बाबा?”

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

कृष्णा माझ्या पाळीतला हेल्पर होता. एकोणीस वर्षांपूर्वी तोही असाच मशीनमध्ये मेला. हे नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं.

स्वानंद पुढे बोलला. मॅनेजरनं त्याला नमुना म्हणून एक जुना अहवाल दिला होता. असाच लिही, फक्त नाव आणि तारीख बदल, असं सांगून. वाक्य तेच होतं, कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. खाली फोरमन म्हणून माझी सही. तीन आठवडे तो कागद त्याच्या बॅगेत होता आणि रोज संध्याकाळी तो घरी येऊन माझ्यासमोर जेवत होता.

शर्मिष्ठाताई माइककडे यायला लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. इतका वेळ ज्या कप्तानावर मी ओरडत होतो त्याच्यापेक्षा जास्त संताप मला माझाच आला आणि तो कुठे टाकावा ते कळेना.

“माझी होती सही,” मी म्हणालो. “कृष्णानं कुलूप लावलं होतं. मी पाहिलं होतं ते. साहेबानं कापायला लावलं, मी कापू देलं. मग ते कुलूप मीच उचललं आन् भट्टीत टाकलं.”

एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं लागली आणि ते सांगून मला जराही हलकं वाटलं नाही. कृष्णाची आई मिलच्या फाटकावर आली होती. पोट्टा मोठा सांभाळून काम करायचा हो साहेब, असं मलाच सांगत होती. मी मान हलवली होती.

स्वानंदनं खिशातून गाडीची चावी काढली.

“मैंने नहीं डाला,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

लोक हळूहळू खुर्च्या सरकवून उठले. कोणी माझ्याजवळ आलं नाही, ते बरंच झालं. बाहेर तो गाडी सुरू करून थांबला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

मंगळवारी सकाळी तो लवकर तयार झाला. इन्व्हर्टरच्या मागून ते पुडकं काढून त्यानं टेबलावर ठेवलं. शेजारी दोन कागद ठेवले. एक त्यानं स्वतः लिहिलेला अहवाल, सही केलेला. त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कुठेच नव्हता. कुलूप कोणी कापलं त्याचं नाव होतं. दुसरा कृष्णाचा जुना अहवाल, माझ्या सहीचा. नोकरी जाईल त्याची, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी विचारलं, “मी येऊ काय संगं?”

त्यानं पुडकं बॅगेत टाकलं. “आना तो पड़ेगा. कृष्णा का बयान कौन देगा?”

मी चष्मा घेतला आणि चपला घालायला बसलो. तो दारात थांबून राहिला.