जोडीचं पान

"पानं मोजून घे, बाई. एकशे ब्याण्णव आहेत. आणि एक ध्यानात ठेव, यातलं एक फाडलंस तर दोन जातील. शिवलेल्या वहीत प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडीदार असतो. एक गेलं की दुसरं आपसूक सुटतं."

हा आवाज फेस नावाच्या जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्याचा. तो पुस्तकं बांधायचा. त्याच्या बोटांना सरसाचा वास यायचा आणि मेण लावलेला दोरा तो दातांनी तोडायचा. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. इतकी वर्षं झाली, अजून तो माझ्या शिवणीत अडकून बसला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पाठीला शेळीचं तांबडं कातडं, कोपऱ्यांना कापड, पोटात जाड पिवळसर कागद. मला विकत घेतलं ते डॉक्टर नुझ्हाबाईंनी. मेंढ्यांच्या पोटातले जंत, आणि त्यांच्यावर चालणारी किंवा चालेनाशी झालेली औषधं, हा बाईंचा जन्माचा अभ्यास. पहिल्या पानावर त्यांनी दोनच शब्द लिहिले: 'दिसेल तेच.'

जंताचं कसं असतं, सांगते. तेच ते औषध वर्षानुवर्षं पाजलं की काही जंत त्याला सरावतात. मरत नाहीत. त्यांची पिलावळही तशीच चिवट निपजते. मग मेंढी चरते खरी, पण तिचं रक्त दुसराच कोणी पीत असतो. कोणत्या कळपात असे जंत शिरले, ते बाई शोधून काढायच्या. मेंढीच्या लेंड्या डबीत घ्यायच्या, मिठाच्या पाण्यात कालवायच्या, की जंतांची अंडी वर तरंगतात. ती सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली मोजायची. मग औषध पाजायचं आणि चौदा दिवसांनी पुन्हा मोजायची. अंडी गेली तर औषध जिंकलं. राहिली तर जंत जिंकले. हे सगळे आकडे माझ्या अंगावर.

असं रोज मोजता मोजता माझा स्वभाव संशयी झाला. खरं सांगायचं तर संशय हेच माझं काम होतं. हा सात आहे की एक? हा डाग चहाचा की शाईचा? ही खाडाखोड आजची की मागाहूनची? परदेशातल्या पाहुण्यांनी एकदा मला उलटून पाहिलं आणि म्हणाले, "अशी चोख वही आम्ही पाहिली नाही." त्या दिवशी मी फुगले. फुगलेल्या वहीला आपल्या पानांपलीकडचं काही दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझा सर्वांत जास्त संशय मीलूदवर. तो प्रयोगशाळेतला मदतनीस. सतरा वर्षं बाईंबरोबर होता. भरघोस मिशा, सदा गुणगुणणं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना जीभ बाहेर. चहाचा पेला तो खुशाल माझ्यावर ठेवायचा. बाई ओरडायच्या, तर म्हणायचा, "डॉक्टर, वहीलाही तहान लागते हो!"

त्या वर्षी वसंत सरता सरता आम्ही डोंगरात गेलो, इत्तोच्या घरी. इत्तो विधवा बाई, वीस मेंढ्यांची मालकीण. वर देवदारांच्या पलीकडे सगळ्या गावाचं मिळून उन्हाळी कुरण. वसंतभर ते बंद. गवताला फूल येऊन बी पडेपर्यंत तिथे कोणी पाय ठेवायचा नाही. पंच एक दिवस ठरवतात, त्या दिवशी सगळे कळप एकदम आत सोडतात. जो बंदी मोडेल त्याचा कळप उन्हाळाभर बाहेर. आणि खाली तोवर दगडच उरलेले असतात. त्या कुरणाची राखण वीस वर्षं इत्तोच्या सासऱ्यानं केली होती. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण लोक अजून तिला 'राखणदाराची सून' म्हणत.

यंदा पंचांचा प्रमुख बास्सू यानं नवीनच अट घातली होती. खालच्या दरीत मेंढ्या पटापट मेल्या होत्या, तेव्हा चिवट जंतांचा कळप कुरणात नको.

बाईंनी मेंढ्यांच्या कानाला टोचायला बिल्ले काढले. इत्तोनं हात आडवा धरला.

"कानावर माझ्या सासऱ्याची खूण कापलेली आहे. तिथे तुमचा पत्रा नको."

"मग ओळखायच्या कशा, लल्ला इत्तो?" बायकांना मानानं म्हणतात ते 'लल्ला' लावून मीलूदनं विचारलं. "सगळ्या तर एकाच आईच्या दिसतात."

"तुला दिसतात. मी मिशांवरून माणसं ओळखते का?"

सगळे हसले. शेवटी निळ्या खडूनं पाठीवर रेघ ओढायचं ठरलं. ज्या दहांना औषध पाजलं त्यांना रेघ, उरलेल्या दहांना काही नाही. शेजारच्या दोघा बाप्यांनी मेंढ्या धरल्या. इत्तो आत चुलीशी होती. पाहुणे आले म्हटल्यावर तिला अंगणात उभं राहून कसं चाललं असतं? भाकरी, लोणी, मध, पुदिन्याचा चहा. ती बाहेर आली तेव्हा काम उरकलं होतं.

चौदाव्या दिवशी आम्ही परत गेलो. मीलूद लेंड्या गोळा करता करता म्हणाला, "वा! रेघा कशा टवटवीत आहेत. कालच ओढल्यासारख्या."

"आमच्या लोकरीला रंग धरतो," इत्तो म्हणाली. "चहा घे, निवतोय."

तिनं पेला ठेवायला जागा करावी म्हणून मला जरा बाजूला सरकवलं. त्या दिवसाच्या पानाच्या कडेला काहीतरी ओलसर टेकलं. निळा अंगठा. खडूचा निळा कोरडा, भुरभुरीत असतो, हा पाण्यासारखा कागदात उतरला. मला ते कळलं होतं, मित्रांनो. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझा डोळा मीलूदच्या चिठ्ठ्यांवर होता.

प्रयोगशाळेत बाईंनी काच लावली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. रेघेच्या दहा मेंढ्यांपैकी पाच स्वच्छ, पाच अंड्यांनी भरलेल्या. आणि ज्यांना औषध दिलंच नव्हतं त्या दहांतल्याही पाच स्वच्छ!

"औषध न पिता बऱ्या झाल्या?" बाई हळूच म्हणाल्या. "एकूण स्वच्छ दहाच. पाजल्याही दहाच. मीलूद, डब्या मिसळल्यास तू."

"नाही मिसळल्या, डॉक्टर."

"मग एवढा घोळ आपोआप झाला?"

"सतरा वर्षांत माझ्या हातून डबी फुटली असेल. बदलली नाही. माझ्या आईनं माझ्या उवासुद्धा इतक्या बारकाईनं पाहिल्या नसतील जितक्या मी या चिठ्ठ्या पाहतो." विनोद करता करता त्यानं सगळ्या डब्या, चिठ्ठ्या पुढे करून, बाईंसमोर मांडल्या.

बाईंनी माझं ते पान दोन बोटांत धरलं. फाडणार होत्या. मग त्यांना त्या म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं असावं, कारण त्यांनी मधली शिवण उघडून पाहिलं. जोडीचं पान पहिल्या दिवसाचं होतं. हे गेलं असतं तर तेही सुटलं असतं. त्यांनी हात काढला आणि मीलूदच्या नावापुढे शिसपेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह काढलं. मला ते चिन्ह टोचलं नाही. उलट बरं वाटलं. सांगताना आज लाज वाटते.

आता मी कपाटात असते. बाई गेल्या. नवीन माणसं सगळं यंत्रात भरतात. माझ्या पाठीचं कातडं झुरळांनी चाटून पांढरं केलं आहे. मागे कोणीतरी मला रद्दीच्या ढिगावर ठेवलं होतं, तिथून एका मुलीनं उचललं, का ते ठाऊक नाही. मित्रांनो, जुन्या वह्या जपा, एवढीच माझी विनवणी. आणि जपताना त्यांतले नुसते आकडे जपू नका. कडेला पडलेले डागही जपा. आम्हाला तोंड नसतं. कधी कधी सगळं खरं त्या डागातच असतं, आणि ते वाचायचं राहून जातं. माझ्यावरचा निळा अंगठा अजून आहे. तो कसा वाचला गेला, तेवढं सांगते आणि थांबते.

कुरण उघडायला सहा दिवस होते. बाई, मीलूद आणि मी पंचांपुढे गेलो. देवदाराखाली सतरंजी अंथरलेली. बास्सू मधोमध, काठी आडवी मांडीवर. इत्तो जरा लांब, शाल डोक्यावरून ओढून बसलेली.

बास्सूचं मन आधीच खट्टू होतं. "कुणीतरी बंदी मोडली आहे," तो म्हणाला. "वरच्या कड्याखाली लेंड्या सापडल्या, आठ-पंधरा दिवसांच्या. विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बघतो. डॉक्टरीणबाई, धरा ना तुमच्या काचेखाली. सांगा कुणाच्या मेंढीच्या."

"लेंडीवर मालकाचं नाव नसतं, दद्दा बास्सू."

"मग काय उपयोग तुमच्या काचेचा? मी मेंढीची पापणी उलटून बघतो. लाल तर निरोगी, पांढरी तर आजारी. माझी काच मला जन्मापासून फुकट मिळाली आहे." पंच हसले. बास्सू हसला नाही. "बरं, इत्तोचं सांगा. तिच्या मेंढ्यांत चिवट जंत आहेत की नाहीत? आत घेऊ की नको?"

बाईंनी मला मांडीवर उघडलं. "आकडे जुळत नाहीत. एक तर औषध हरलं आहे, नाही तर डब्या मिसळल्या आहेत."

"मिसळल्या असतील तर?"

"तर औषध चालतं. सगळ्या मेंढ्यांना पाजायचं आणि आत सोडायच्या."

बास्सूनं मीलूदकडे बोट केलं. "म्हणजे चूक या मिशांची. मग भांडण कशाला? लिहा तसं, आणि इत्तोचा कळप येऊ दे आत."

"तसं लिहिलं तर मला याला कामावर ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या.

मीलूदचं गुणगुणणं पहिल्यांदाच बंद होतं. टोपी काढून तो तिच्यात बघत बसला, जणू तिथे काहीतरी हरवलं होतं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. इत्तोला फक्त गप्प बसायचं होतं. पेन टेकलं असतं, दोन ओळी झाल्या असत्या आणि सहा दिवसांनी तिच्या वीस मेंढ्या हिरव्यागार गवतात शिरल्या असत्या. कोणाला काही कळलं नसतं.

लिहायला जागा शोधताना बाईंचा हात कडेच्या निळ्या ठशावर थांबला. त्यांनी पेन तसंच धरून तो बोटानं चोळून पाहिला. "हा कुठला रंग?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आपला खडू असा उतरत नाही."

शाल मागे सरली. इत्तो उठून आली, सतरंजीच्या कडेला उकिडवी बसली आणि तिनं आपला अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला. नखाच्या फटीत अजून निळं होतं.

"नीळ आहे. कपड्यांची," ती म्हणाली. "नवव्या दिवशी गारा आल्या, अक्रोडाएवढ्या. मेंढ्या मेल्या असत्या. जवळ आसरा एकच होता. तिथवर पोचेपर्यंत पावसात तुमचा रंग सगळा धुऊन गेला. खाली गावात थेंब नव्हता; मेंढ्या भिजल्या कुठे, असं तुम्ही विचाराल म्हणून मी नीळ कालवली आणि रेघा ओढल्या, तुम्ही यायच्या सकाळी पुन्हा गडद केल्या. कुठल्या दहांना पाजलं ते मी पाहिलंच नव्हतं, बाई. मी तुमच्यासाठी भाकरी भाजत होते. अंदाजानं ओढल्या."

मग ती बास्सूकडे वळली.

"या माणसानं काही केलेलं नाही, दद्दा. त्या कड्याखालच्या लेंड्या माझ्या मेंढ्यांच्या. बंदी मी मोडली."