जावयाचं पन्हं

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालायचं म्हणून आईनं आम्हाला माहेरी, अकोल्याच्या जठारपेठेत बोलावलं. यांच्या अपघातानंतरचं हे पहिलंच बोलावणं. भाजीच्या गाडीवरून पडून मणक्यातला मज्जारज्जू दुखावला. छातीखाली काही कळत नाही, लघवी लागलेलीही नाही. ठरल्या वेळी मी नळी घालून मूत्राशय रिकामं करते. भातकुलीला आमच्या घरी आता त्याचं कुणाला काही वाटत नाही.

इथे मात्र खुर्चीच्या चाकांभोवती रांगोळी, कपाळाला टिळा, शेजारपाजार जमलेला.

"घ्या नं, जावईबापू! आकोल्याचं ऊन हाय!" आई पन्ह्याचा गिलास भरतच होती. जावयानं नाही कसं म्हणायचं?

नळीची वेळ झाली. मी कानाशी वाकले, "आत चला नं."

"सासुरवाडीत?" हे पुटपुटले. "थांब गं आरती, जेवणं होऊ दे."

तेवढ्यात कडेवरच्या आमच्या तान्ह्या लेकीनं माझी साडी भिजवली. "घ्या! नातीनं आशीर्वाद देल्ला!" बाबा म्हणाले. सगळे हसले. हे तेवढे ताटाकडे बघत राहिले.

धोंडे वाढून होतात तोच यांनी डोकं धरलं. चेहरा लालबुंद, घाम निथळत होता. "डोकं फुटून राहिलं…"

"ऊन लागलं त्याहिले! आडवं करा!" बाबा कांदा ठेचायला धावले. आईनं पुन्हा गिलास ओठांना लावला.

मी पाय उचलायला वाकले आणि दचकले. पाय कोरडे होते. गार, काटा आलेले. घाम फक्त छातीच्या वर. डॉक्टरांनी बजावलं होतं: मूत्राशय तुंबलं की रक्तदाब असा चढतो, की मेंदूतली शीर फुटू शकते.

"आडवं करू नोका! बसूनच राहू द्या! आई, ठेव तो गिलास!"

"काहून ओरडून राहिली वं?"

"ऊन नाही लागलं! लघवी तुंबली!"

आतल्या खोलीपर्यंत न्यायचाही धीर मला नव्हता. लेक बाबांच्या हातात कोंबली, हात धुतले, पिशवीतून नळी काढली.

आईनं गिलास ठेवला. आहेराचं कोरं धोतर झटकून उलगडलं, आमच्यापुढे आडवं धरलं आणि डोळे मिटून घेतले.

नळीला जोडलेली लघवीची पिशवी भरत गेली. यांच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली.

"झालं का वं, पोरी?" धोतरापलीकडून आईनं विचारलं.

"झालं, मामी," हेच म्हणाले.