खरं लिहू की तुमचं?

"शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट हे विजेचं दुर्वाहक असतं," पडद्यावरच्या बाई ठासून म्हणाल्या आणि पडद्याशेजारी खुर्चीत बसलेल्या बाईंनी मान खाली घातली. दोन्ही बाई एकच. सहा वर्षांपूर्वी संस्थेने त्यांचे विज्ञानाचे सगळे धडे चित्रित करून घेतले, तेव्हा साठ शाळांत आपला आवाज जाणार म्हणून त्या किती मिरवल्या होत्या! त्या भरात जीभ घसरली आणि सुवाहकाचं दुर्वाहक झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही, खुद्द बाईंच्याही नाही.

लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी संस्थेच्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली, फोनवर फोन केले. शेवटी तिथल्या साहेबांनी समजूत घातली की व्हिडिओ, त्यातल्या वाक्यांवरून बेतलेले प्रश्न, उत्तरं, गुण, सगळं एकात एक गुंतलंय; एका शब्दासाठी ते कोण उसवत बसणार? वर नियम असा, की व्हिडिओ चालू असताना शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही. हजेरी घ्यायची, आवाज कमीजास्त करायचा आणि आपलंच बोलणं मुकाट ऐकायचं. नंतर सांगावं, तर खरं उत्तर देणाऱ्या मुलांचा गुण जायचा. न सांगावं, तर बाईंचा जीव जळायचा. पाच वर्षं त्यांनी जीवच जाळला.

आज व्हिडिओ संपला, टॅबवर चाचणी उघडली आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून टेबलापाशी आली. सारखी शंका काढते म्हणून बाईंनीच तिचं नाव प्रश्नपेटी ठेवलं होतं. विज्ञानाच्या खास वर्गासाठी शाळेतून तिची एकटीची निवड व्हायची होती, पण या चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले तरच. ती हळू आवाजात सांगू लागली. तिने घरी पेन्सिल दोन्ही टोकांना तासली होती, वडिलांच्या विजेरीतले सेल काढून तारा जोडल्या होत्या आणि छोटा दिवा लागला होता. चारदा करून पाहिलं, चारही वेळा लागला.

"बाई, खरं लिहू की तुमचं?"

स्वतः करून पाहा, मगच विश्वास ठेवा, हे बाई सव्वीस वर्षं घसा फोडून सांगत आल्या होत्या. एका तरी पोरीने ते ऐकलं होतं. त्यांना तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माझं लिही," त्या म्हणाल्या.

"पण दिवा लागला होता, बाई."

"लागणारच. तुझंच बरोबर आहे. पण आज माझं लिही."

मुलगी वळली. मग जागेवर जाऊन तिने 'दुर्वाहक'वर बोट टेकवलं. हिरवी खूण उमटली, टॅबमधून टाळ्या वाजल्या. मुलीने ते बोट गणवेशाला पुसलं आणि पुढचा प्रश्न उघडला.