येसराला तीट

चतुराबाईनं अख्ख्या शेंद्र्यात बोभाटा करून ठेवला होता, की तिचा येसर आभाळात चाललाय. तसं खोटं काय नव्हतं म्हणा. गावालगतच्या कारखान्यात अंतराळवीरांसाठी कोरडं जेवण बनायचं आणि चतुराबाई तिथल्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायची. सिल्लोडच्या वहिदा मॅडम रोज नवी डाळ वाळवायच्या, चाखणारे रोज तोंड वाकडं करायचे. शेवटी चतुराबाईनंच घरचा डबा आणला. भाजलेलं धान्य, डाळी आन् मसाला एकत्र दळलेला येसर. लग्नात लेकीबरोबर देतात तो. कढत पाणी ओतलं, की झाली आमटी! वहिदानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

बारा पाकिटं तपासणीला गेली आणि तिसऱ्या दिवशी दोघींना बोलावणं आलं. तपासणीचे नानासाहेब टेबलावर बारा काळे खडे मांडून बसले होते.

"कोळसा! पाकिटागणिक एक!"

वहिदाचा चेहरा खर्रकन उतरला. चतुराबाई मात्र ठणकावून म्हणाली, "मीच घातला की. शिदोरी घराबाहेर चालली, तीबी एवढ्या लांब. नजर लागंल का नाय?"

"अहो बाई, तिथं सगळं तरंगतं. तो खडा कुणाच्या घशात अडकला म्हणजे?"

चतुराबाईनं कपाळावर हातच मारला. नजर लागू नये म्हणून घातलेला कोळसा लेकरांच्या जिवावर उठला असता की!

"कोळशाबिगर पुन्हा करा," नानासाहेब म्हणाले. "नाहीतर तुमचा येसर रद्द."

आता गावाला काय तोंड दाखवायचं? तिला रडूच आलं. पण नजरेपुढं असं उघडं अन्न पाठवायला मन धजेना. "मग ऱ्हाऊ द्या, साहेब. आसं नाय पाठवायची मी," म्हणून ती उठलीच.

वहिदानं तिचा पदर धरला. "थांबा ना मावशी. तान्ह्या लेकराला नजर लागू नये म्हणून त्याच्या तोंडात कोळसा घालता काय?"

"या बया! तोंडात कशाला? गालावर तीट लावायची."

"अम्मी तर मला अजून कानामागं काजळ लावती," वहिदा हसली. "पाकिटाला बी गाल असतोच की."

चतुराबाई परत खाली बसली. एवढं साधं आपल्याला सुचू नये? नानासाहेबांनी बराच वेळ नियमांची चोपडी चाळली. मग कुरकुरतच कागदावर लिहिलं: 'बाहेरून, खालच्या कोपऱ्यात, काळा ठिपका, एक.'

नवा येसर झाला. चतुराबाईनं पक्क्या शाईच्या पेनानं एकेका पाकिटाला तीट लावली, कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांत पाणी, त्यात चष्मा घरी विसरलेला. नानासाहेबांनी सगळी पाकिटं उलटीपालटी करून पाहिली, वजनं केली आणि एक बाजूला काढलं. चतुराबाई लगबगीनं पुढं झाली.

"आता काय झालं, साहेब?"

"ह्याची तीट राहिलीय, बाई," नानासाहेब तिच्यापुढं पेन धरून म्हणाले. "असं कसं पाठवायचं?"