काढा कोणी प्यायचा

मी कासिल्दा. जंगलातल्या यारिना तळ्याच्या काठी परदेशी बिर्गिटबाईचं उपचार केंद्र आहे, तिथे मी स्वयंपाक करते. स्वयंपाक कसला, बिनमिठाचा मासा आणि बिनमिठाची उकडलेली केळी. आयावास्काच्या वेलीचा, दृष्टान्त दाखवणारा काढा घ्यायचा तर मीठ-तिखट बंद, हे आमचंच पथ्य. पण ते पाळताना पाहुण्यांची तोंडं बघावीत.

पाहुणे लांबून येतात आणि प्रत्येकाला ट्रॉमा असतो. वेंडेल नावाच्या धिप्पाड माणसाला बापाने कधी मिठी मारली नव्हती म्हणे. तेवढ्यासाठी कोणी विमानात बसतं का? तसं असतं तर आमचं निम्मं गाव इथे येऊन पडलं असतं. पण माझा धाकटा भाऊ तेओबाल्दो, केंद्राचा वैद्य, कोणाला हसत नाही. अंधारात सगळे काढा पितात, ओकतात, रडतात, आणि तो एकेकासाठी उपचाराचं गाणं गात बसतो.

आणि इकडे माझी मेत्सा. नदीच्या भोवऱ्यात होडी उलटली, पोरीला ओढून काढलं, पण तेव्हापासून ना धड खाणं, ना एक शब्द. भीती बसली होती. जीव नदीतच राहिला होता, नुसतं अंग घरी आणलं होतं. सख्खा मामा वैद्य, तरी भाचीसाठी त्याची एक रात्र मोकळी मिळेना.

शेवटी बिर्गिटबाईकडे गेले, मेत्साला एक रात्र विधीत बसू द्या म्हणायला.

"तिला ट्रॉमा आहे?" बाईने विचारलं.

"ट्रॉमा नाही बाई, भीती बसलीय."

"तिचा संकल्प काय आहे?"

"ती बोलतच नाही, संकल्प कुठून सांगणार?"

"संकल्पाशिवाय कोणाला बसता येत नाही, कासिल्दा. शिवाय जो बसेल त्याने प्यायलाच हवं, आणि ती लहान आहे."

असा संताप आला. म्हटलं, तू येण्याआधी इथे मगरी गात होत्या का? पण आमच्या शिपिबो भाषेत म्हटलं, त्यामुळे बाई गोड हसली.

तेओबाल्दो मागच्या अंगणात काढा उकळत होता. त्याच्या शेजारी बसून मी पोटभर रडले. त्याने पायानेच भांडं ढकललं आणि सगळा काढा मातीत गेला.

"मेल्या, हे काय केलंस?"

"पाय घसरला, ताई."

बसल्या जागी कसा घसरला, त्याचं त्याला ठाऊक. तळाशी पेलाभर काढा तेवढा उरला होता.

बिर्गिटबाई धावत आली आणि भांडं बघून पांढरीफटक पडली.

"एक पेला पुरे," तेओबाल्दो तिला म्हणाला. "आमच्या आईच्या वेळी आजारी माणूस पीत होता का? वैद्य प्यायचा. आजाऱ्याने गप पडून राहायचं."

"म्हणजे ही प्राचीन पद्धत?" बाईचे डोळे चमकले.

"हो. त्यात मधोमध एका लेकराला निजवतात." खोटं बोलताना तेओबाल्दो कान खाजवतो. तसा तो आता खाजवत होता. आधीचं मात्र खरं होतं.

त्या रात्री तो एकटाच प्यायला आणि फक्त माझ्या पोरीसाठी गायला. नदीला विनवत होता, आमचं आम्हाला परत दे म्हणून. भोवती पाहुणे उपाशीपोटी आडवे पडले होते. एकाच्याही जिभेला थेंब लागला नव्हता.

सकाळी अनुभव सांगायला सगळे गोल करून बसले. एकीला जग्वार भेटला होता. एकाने स्वतःचा जन्म पाहिला होता. वेंडेलला बापाने मिठी मारली होती, तो हमसून हमसून रडत होता. "इतका कडक काढा मी कधी घेतला नव्हता," तो म्हणाला. मी हसू दाबत पाणी देत होते.

तेवढ्यात मधे निजलेली मेत्सा उठून बसली.

"आई, भूक लागली."

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. काय म्हणाली, काय म्हणाली, सगळे विचारायला लागले. कसंबसं सांगितलं, भूक लागलीय म्हणते.

वेंडेलने डोळे मिटून छातीवर हात ठेवला. "मलाही," तो म्हणाला. "आयुष्यभर." मग सगळेच भुकेवर रडले.

मी पोरीला उचलून स्वयंपाकघरात नेलं. मासा भाजला, चांगलं मीठ घातलं. ती खात होती आणि मी नुसती बघत होते.

बिर्गिटबाई दारात आली. "पुढच्या आठवड्यात नवे लोक येतायत. मेत्साने सकाळी उठून फक्त 'भूक लागली' एवढंच म्हणायचं. तोवर गप्प राहिली तर जास्त परिणाम होईल."

मी झारा उचलला होता. पण मेत्साने आधी घास गिळला.

"आई, हिला सांग, मी नाही गप्प राहणार."

आणि नाहीच राहिली. दिवसभर बडबड, डोकं उठतं माझं. पण गप्प बस असं मी तिला अजून एकदाही म्हटलेलं नाही.